पसिता आबाद यांचं प्रदर्शन मनिलाला का गेलं नाही?

उंबरठा:
फिलिपिनो चित्रकर्ती पसिता आबाद यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन २०२३ मध्ये मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये सुरू झालं. पुढे सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि शेवटी टोरोंटो. बाई जन्मल्या बातानेस बेटांवर (१९४६), वारल्या सिंगापूरला (२००४), आणि आशियात एकही मुक्काम नाही! यात सन्मान कमी आणि पाश्चात्त्य संग्रहालयांची उशिराची सारवासारव जास्त, असं माझं मत.

खटपट्या:
मनिला उपाशी नव्हती हो. २०१८ मध्येच तिथे 'अ मिलियन थिंग्ज टु से' हे त्यांचं प्रदर्शन झालं, त्यांचा भाचा पिओ आबाद त्याच्या मांडणीत होता. आणि अमेरिका परकी कशी? १९७० मध्ये मार्कोसच्या राजवटीत देश सोडून माद्रिदला कायदा शिकायला निघालेली ही मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत थांबली ती थांबलीच. 'एल. ए. लिबर्टी'मध्ये (१९९२) तिने स्वातंत्र्यदेवता सावळी रंगवली. हे चित्र अमेरिकेने बघायचं नाही तर कोणी?

निळी शाई:
तुम्ही दोघं नकाशावरून भांडताय, भिंतीवर काय होतं ते राहिलंच. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पाहिलं. त्या कामांना त्रापुंतो म्हणतात. रंगवलेल्या कॅनव्हासमागे अस्तर, मध्ये भरण, मग हाताने टाके, वर आरसे, कवड्या, बटणं. चौकट नाहीच. आपल्या गोधडीसारखे फुगवटे येतात, फोटोत त्यातलं काही कळत नाही. नवरा विकास-अर्थतज्ज्ञ, त्यामुळे बांगलादेश, सुदान, इंडोनेशिया अशी सतत फिरती. गुंडाळून बिऱ्हाडाबरोबर नेता येईल असं चित्र बाईंना सोयीचंच होतं. याला 'हस्तकला' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा समोर उभं राहावं.

उंबरठा:
झालं की मग! गुंडाळून नेता येणारी चित्रं मनिलाला तेवढी नेता आली नाहीत.

खटपट्या:
शंभरावर कामं, कितीतरी इतरांकडून उसनी आणलेली. विमा, हवामान, परवानग्या... वळकटी करून विमानात टाकायची गोष्ट आहे का?

कासव:
क्वीन्समधल्या वुडसाइडला लिटल मनिला म्हणतात. तिथल्या फिलिपिनो नर्स, त्यांची मुलं हे प्रेक्षक धरायचेच नाहीत का? शिवाय मायदेशाने कायम डोक्यावर घेतलं असंही नाही. १९८४ मध्ये 'टेन आउटस्टँडिंग यंग मेन' हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुरुषांचा पुरस्कार बाईला दिलाच कसा म्हणून तिकडे केवढा गदारोळ झाला.

उंबरठा:
वुडसाइडचं मान्य. पण १९८४ ची नाराजी हे २०२४ मध्ये न जाण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि मनिला राहू द्या, सिंगापूरचं काय? कर्करोगाशी झुंजत असताना बाईंनी तिथला अल्काफ पूल रंगीत वर्तुळांनी रंगवून घेतला. तिथे तरी न्यायला हवं होतं.