शॉपफ्लोअरसाठी ताणतणावाचं प्रशिक्षण: एका दिवसाची कार्यशाळा पुरेल का?

चाकण_एचआर
वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तीन शिफ्ट, 220 माणसं, निम्मी कंत्राटी. गैरहजेरी वाढलीय, लाइनवर रोज खटके उडतायत. वरून सांगणं असं की योगासनं आणि 'पॉझिटिव्ह थिंकिंग'ची एक दिवसाची कार्यशाळा घ्या. त्यानं फरक पडेल का? नाहीतर तेवढ्याच पैशांत काय करावं, आणि परिणाम दाखवायचा कसा?

मनमोकळं
कार्यशाळेचा दिवस चांगला जाईल. दुसऱ्या दिवशी तेच टार्गेट आणि तोच सुपरवायझर असतो, म्हणून प्रशिक्षणाला आधी सुपरवायझर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही मॅनेजरांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. त्यांना डॉक्टर बनवायचं नाही, माणूस बदललाय हे ओळखून नीट बोलता आलं पाहिजे.

12 ते 15 जणांची तुकडी, दीड तासाची तीन सत्रं, मध्ये दोन-दोन आठवडे. सत्रात भाषण कमी, सराव जास्त: न सांगता दांड्या मारणारा, एकदम गप्प झालेला, चटकन भडकणारा, असे प्रसंग जोडीनं करून बघायचे. "टेन्शन घेऊ नको" म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. "या आठवड्यात कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" असं विचारा, मध्ये तोडू नका, आणि आपल्या हातातली एक गोष्ट दोन दिवसांत करून त्याला सांगा. हे सांगणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं, मग पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर सल्ले देत बसू नये. त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तिथल्या तिथं लावून द्या. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

तिसरी_पाळी
वरचं पटतं, पण रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, न बघता प्रशिक्षण म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. शिफ्ट फर्स्ट, सेकंड, नाईट या क्रमानंच फिरवा. उलट फिरवली तर त्रास वाढतो, कारण शरीराला झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं अवघड जातं. दोन शिफ्टमध्ये किमान 11 तास सुटले पाहिजेत. रिलीव्हर (पुढच्या शिफ्टचा माणूस) नाही म्हणून 'डबल', म्हणजे सलग दोन शिफ्ट, करायला लावणं आधी थांबवा.

सत्रं शिफ्टच्या वेळेतच घ्या, पगारी. नाईट संपल्यावर बसवलं तर माणसं झोपतात आणि त्यात त्यांची चूक नसते. महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या आठवड्यात तारीख ठेवूच नका. कंत्राटी लोकांना वगळलंत तर निम्मी लाइन बाहेर राहिली. त्यांच्यासाठी हिंदीतून एक तुकडी काढा.

श्वासाचा व्यायाम हवाच असेल तर साधा ठेवा: चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं, शिफ्ट बदलताना. चालू मशीनसमोर नको.

मनमोकळं
रोस्टरचं मान्य, ते आधीच यायला हवं होतं. अपघाताबद्दल एक भर. अपघातानंतर सगळ्यांना गोळा करून 'काय घडलं, काय वाटलं' हे एकाच बैठकीत वदवून घेण्याची पद्धत अजून चालते. ती टाळा, जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. पाणी, घरी फोन, सोबत, आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकणं, एवढंच त्या दिवशी करा.

आकडेमोड
मोजण्यासाठी 'डब्ल्यूएचओ-5' ही मन किती बरं आहे हे बघणारी छोटी प्रश्नावली वापरा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकी 0 ते 5 गुण, बेरीज गुणिले 4. 50 च्या खाली आलं तर लक्ष द्यायला हवं. सुरू करण्याआधी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी घ्या. शेवटच्या सत्रानंतर लगेच घेतलेला आकडा फसवा असतो, तेव्हा सगळेच खूश असतात.

कागदावर नाव किंवा टोकन नंबर नको, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढू नका, कोण ते लगेच कळतं. समुपदेशकाची खोली एचआरच्या दाराला लागून ठेवू नका. आत कोण गेलं हे सगळ्यांना दिसत असेल तर कुणी जाणार नाही. सोबत गैरहजेरी आणि सोडून गेलेल्यांचे आकडे लाइनवार ठेवा, वरच्यांना तेच पटतात.

चाकण_एचआर
रोस्टर उलटंच फिरतंय, हे आत्ता तपासलं. पहिला बदल तिथंच करतो. सुपरवायझर 16 आहेत, आठ-आठच्या दोन तुकड्या चालतील का?

मनमोकळं
उत्तम. फक्त एकाच शिफ्टचे सगळे एका तुकडीत घालू नका, लाइन सांभाळायला कुणी उरणार नाही.