ग्राहक संस्थेचे नाव कसे ठरले? आपापले अनुभव लिहा

मंगळवेढ्याची ज्वारी :
आमच्या वसाहतीतली काही कुटुंबे मावळातून इंद्रायणी तांदूळ आणि सोलापूरकडून ज्वारी एकत्र मागवतात. आता रीतसर ग्राहक सहकारी संस्था नोंदवायचे ठरले आहे. भागाची रक्कम, गोदामाची जागा, हिशेब कोणी ठेवायचा, या सगळ्यांवर एकमत झाले. नावावरून मात्र सभा मोडली. परवा आईच्या कपाटात अपना बाजारचा जुना सभासद कागद सापडला, त्यावर ‘मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था’ असे भारदस्त नाव होते. 1948 मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली ही संस्था आमच्या चाळीत त्या नावाने कोणी ओळखत असेल असे मला वाटत नाही. आई आम्हाला ‘बाजारात’ पाठवायची आणि आम्ही तिथेच जायचो. तुमच्याकडे नाव कसे ठरले, कोणी सुचवले आणि शेवटी तोंडात कोणते बसले, हे सविस्तर लिहावे.

बोळातला :
आम्ही ‘अन्नपूर्णा’ घेऊन गेलो होतो. त्याच तालुक्यात त्या नावाची संस्था आधीपासून असल्यामुळे दुसरे नाव द्यावे लागले. निबंधक कार्यालयात अर्ज करताना पसंतीक्रमाने तीन-चार नावे द्यावीत, आणि ती देवीची, धान्याची किंवा ‘समृद्धी’ छापाची नसतील तर बरे, कारण ती सर्वांनाच सुचतात. नाव राखून मिळाल्यावर नोंदणी होईपर्यंत त्यापुढे ‘नियोजित’ लिहावे लागते आणि बँकेतले खातेही त्याच नावाने उघडते. आमची नोंदणी इतकी रेंगाळली, की वाणसामान आणणारा टेम्पोवाला आम्हाला अजूनही ‘नियोजितवाले’ म्हणतो.

कोरी वही :
@बोळातला, हसून हसून पुरेवाट झाली. आमच्या टेम्पोवाल्याने आम्हाला ‘तेलाचे डबे’ हे नाव दिले आहे.

पंचक्रोशी :
आमच्याकडे भांडण दोन गावांचे होते. संस्था दोघांची, दुकान एका गावात, आणि दुसऱ्या गावाचे म्हणणे असे की दुकान तुमच्याकडे आहे तर नाव तरी आमचे द्या. दोन्ही नावे जोडून लिहायचे ठरले, तेव्हा आधी कोणाचे यावर पुन्हा तेच झाले. शेवटी एका निवृत्त गटसचिवांनी सुचवले, की मधून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव द्यावे. आपल्या सहकारात ही वाट जुनीच आहे. वारणा, कृष्णा, पंचगंगा, प्रवरा ही नावे उगाच पडलेली नाहीत. नदी कोणा एका गावाच्या सातबाऱ्यावर नसते. पुढे प्रवरेच्या कारखान्याला पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव दिले गेले आणि ते योग्यच होते, तरी त्या भागात ‘प्रवरा’ म्हटले की ऐकणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. आमचा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो, ही हरकत एकाने घेतली होती. ती इतिवृत्तात नोंदवली आहे.

सुकट बोंबील :
आमच्या महिलांच्या भांडारासाठी ‘सात्त्विक’ हे नाव जवळजवळ मंजूर झाले होते. कागदावर छान दिसत होते, पाटीवर हिरव्या रंगात आणखी छान दिसले असते. तेवढ्यात आमच्यातल्या एका कोळीणकाकूंनी शांतपणे विचारले, की मग माझी सुकट कुठे ठेवायची? पहिल्या दिवसापासून भाग घेतलेल्या त्या सभासद होत्या. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्यांनी नाव सुचवले होते त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी त्यांना ओळखत असल्यामुळे सांगू शकते. पण त्यांच्या घरी सुकट येत नाही, म्हणून त्यांना प्रश्नच पडला नव्हता. तेव्हापासून नाव सुचले की आम्ही आधी एवढेच पाहतो, की ते वाचून आपल्यापैकी कोणाला दाराबाहेर उभे राहावेसे वाटेल का. आता पाटीवर वाडीचे नाव आहे आणि खाली ‘महिला भांडार’ आहे.

मंगळवेढ्याची ज्वारी :
@सुकट बोंबील, आमच्या यादीत ‘शुद्ध’ आणि ‘सात्त्विक’ दोन्ही आहेत, आणि अंडी पुरवणारे एक सभासदही आहेत. तुमचा प्रतिसाद पुढच्या सभेत वाचून दाखवते.

आठवा मजला :
मी ब्रुकलिनमध्ये राहते आणि तिथल्या पार्क स्लोप फूड कोऑपची सभासद आहे. 1973 पासून चालत आलेल्या या संस्थेचे नाव म्हणजे निव्वळ मोहल्ल्याचे नाव आहे, त्यात ना काव्य ना ध्येयवाद. सभासदांनी आळीपाळीने दुकानात काम करायचे आणि खरेदीही सभासदांनीच करायची, अशी पद्धत आहे. चीज कापून त्याला चिकटपट्टी लावताना ध्येयवाद आपोआप पोहोचतो. माझे मत विचाराल तर पत्ता हेच उत्तम नाव.

कोरी वही :
स्पर्धा ठेवा. लिज्जतच्या बायकांनी 1962 मध्ये तसेच केले होते आणि बक्षीस पाच रुपयांचे होते. तेवढा खर्च तुमच्या भागभांडवलाला नक्की झेपेल.

पंचक्रोशी :
स्पर्धेचे परीक्षक कोण, यावर आमच्याकडे तिसरे गाव उभे राहिले असते.

फोंड्याकडचा :
नाव लांब असण्याची एवढी भीती बाळगू नका. आमच्याकडे ‘गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्था मर्यादित’ आहे, आणि घरातून निघताना माणूस ‘बागायतदारात जाऊन येतो’ एवढेच म्हणतो. सुपारी, नारळ घेऊन येणारा बागायतदार आणि महिन्याचे सामान नेणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे ते नाव लोकांनी स्वतःहून निवडल्यासारखे आहे. लांब नावातला एक तरी शब्द असा हवा, जो लोकांना आपला वाटेल. बाकीचे शब्द कायद्यासाठी राहू द्यावेत.

बोळातला :
याला व्यवहाराची जोड देतो. ‘मर्यादित’ हा शब्द नावाच्या शेवटी येणारच, तेव्हा नाव पक्के करण्याआधी गोल शिक्क्याचे माप घेऊन अक्षरे मांडून पाहा. आमच्या शिक्क्यात गावाचे नाव इतके बारीक आले आहे, की लेखापरीक्षकांनी भिंग मागितले. पाटी रंगवणारा तर अक्षरावर पैसे घेतो, आणि जोडाक्षराचे दोन धरतो.

मंगळवेढ्याची ज्वारी :
सर्वांचे आभार. ‘शुद्ध’ आणि ‘सात्त्विक’ वगळून वसाहतीमागच्या टेकडीचे नाव पहिल्या पसंतीला ठेवावे, असे मी सुचवणार आहे. विरोध अर्थातच होईल, कारण टेकडी ‘ब’ इमारतीच्या बाजूला आहे.

बोळातला :
नाव काहीही द्या, पण अर्जापूर्वी प्रवर्तकांची यादी तपासा. किमान दहा जण लागतात आणि ते दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात. उत्साहाच्या भरात नवरा-बायको दोघांनीही सह्या केल्या असतील, तर ते एकच धरले जातील.