मदत हवी आहे: धाकटा भाऊ अ‍ॅनिमेतून बाहेरच येत नाही

माझा भाऊ 17 वर्षांचा आहे, मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांची, गोडी त्याला मीच लावली, म्हणून हे लिहिताना फार अपराधी वाटतंय. 'बंद करून टाका ते खूळ' असा सल्ला कृपया देऊ नका. मी स्वतः बघते आणि माझ्या वाईट दिवसांत त्यातल्या काही गोष्टींनी मला सावरलंय.

मागच्या सुट्टीत त्याने 'नारुतो' ही निन्जांची मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. आधीचे 220 भाग आणि पुढच्या 'शिप्पूदेन'चे 500. एक भाग 23 मिनिटांचा धरला तरी पावणेतीनशे तास होतात, आणि हे सगळं त्याने दोन महिन्यांत संपवलं. म्हणजे रोजचे साडेचार तास. तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं, आम्ही रात्री जागून त्यावर गप्पा मारायचो. आता कॉलेज सुरू होऊन चार महिने झाले, तरी तास कमी व्हायचं नाव नाही. पहाटे तीन-साडेतीनपर्यंत दाराखालून उजेड दिसतो. सकाळी हाका मारून उठत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस दांडी ठरलेली. ज्या दोन मित्रांशिवाय त्याचं पान हलत नसे, त्यांचे फोनसुद्धा घेत नाही.

गेल्या महिन्यात एका मालिकेतलं त्याचं आवडतं पात्र मेलं, तर दोन दिवस नीट जेवला नाही. आई-बाबांना हा वेडेपणा वाटला, मला नाही वाटला. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं असं एकतर्फी नातं जुळतं हे हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 सालीच मांडलं होतं, त्याला 'पॅरासोशल' म्हणतात. त्याचं रडणं खरंच होतं. पण खऱ्या माणसांसाठी त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही, याची मला भीती वाटते.

परवा मी विचारलं, "बाहेरच्या लोकांत असं काय खुपतं रे तुला?" बराच वेळ गप्प बसला. मग पडद्याकडे बोट करून म्हणाला, "ताई, ही मला बघत नाहीत ना."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्यात मी हिकिकोमोरीबद्दल, म्हणजे स्वतःला घरात कोंडून घेणाऱ्या माणसांबद्दल वाचलं. जपान सरकारने 2022 च्या शेवटी केलेल्या पाहणीवरून, 15 ते 64 वयोगटातले सुमारे 14 लाख 60 हजार लोक असे समाजापासून तुटून राहतात असा अंदाज निघाला. वाचून झोपच उडाली.

अ‍ॅनिमेमुळे तो माणसांपासून तुटला, की आधीच तुटला होता म्हणून अ‍ॅनिमेत शिरला? हे ओळखायचं कसं? बाबा वायफाय काढून टाकायच्या बेतात आहेत. त्यांना अडवू का? जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद 1

अडवा. मुलीच्या बाबतीत मी असंच वायफाय काढून टाकलं होतं. अ‍ॅनिमे सुटलं नाही, माझ्याशी बोलणं मात्र सुटलं. ते पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं.

प्रतिसाद 2

ताई, मी समुपदेशनाचं काम करते. पडद्याआड कोणाचंही निदान करता येत नाही, तरी दोन-तीन गोष्टी सांगते.

'अ‍ॅनिमेचं व्यसन' असा वेगळा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. व्हिडिओ गेमबद्दलचा आहे, तो त्या यादीच्या 2022 पासून लागू झालेल्या आवृत्तीत, आयसीडी-11 मध्ये आला. त्याच्या कसोट्या मात्र इथेही विचार करायला उपयोगी पडतात: स्वतःवर ताबा राहतो का, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं का, नुकसान दिसत असूनही चालूच राहतं का. किती तास बघतो यापेक्षा त्या तासांनी काय गिळलं ते बघा. तुमच्या भावाच्या बाबतीत झोप, कॉलेज आणि मित्र, तिन्ही गेलेत. म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

हिकिकोमोरीचा शिक्का मात्र इतक्यात मारू नका. तिथे सहा महिने किंवा जास्त काळ जवळपास घरातच राहणं अपेक्षित असतं. आणि तुम्ही म्हणता त्याच पाहणीत अनेकांनी नोकरी सुटणं, कोविड अशी कारणं सांगितली होती. दार आधी लागलं आणि पडदा नंतर आला, असं पुष्कळदा होतं.

"ही मला बघत नाहीत" हे मुलगा आळसातून बोललेला नाही. कोणीतरी बघितल्याचा त्याला त्रास झालेला आहे. सुट्टीच्या आधी काय घडलं ते शोधा. उलटतपासणी नको, शेजारी बसून विचारा.

झोपेचं आधी बघा. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, त्यात पडद्याची भर. कमी झोपलेल्या मुलाला माणसं आणखी नकोशी होतात. जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

प्रतिसाद 3

मी स्वतः यातून गेलोय म्हणून एक युक्ती सांगतो. भाग संपल्यावर थांबायचं ठरवलं तर कोणीच थांबू शकत नाही, कारण शेवटच्या मिनिटाला मुद्दाम उत्कंठा ताणलेली असते. पुढच्या भागात तो पेच सुटला, गोष्ट जरा निवांत झाली, की तिथे मध्येच थांबायचं. आपोआप पुढचा भाग सुरू होणं सेटिंगमधून बंद करायचं. सुरुवातीला मला हे माझ्या बहिणीसोबत बसूनच जमलं. एकट्याने जमलं नव्हतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना अडवलं. आठवडाभर रोज रात्री त्याच्यासोबत दोन भाग बघते आणि तिसऱ्याच्या मध्यावर थांबतो. पहिले तीन दिवस तो चिडला, चौथ्या दिवशी त्यानेच रिमोट उचलला.

काल रात्री बोलला. सुट्टीच्या आधी वर्गात मोठ्याने वाचताना तो अडखळला होता. कोणीतरी त्याचं चित्रीकरण करून ग्रुपवर टाकलं. त्या दोन मित्रांपैकी एकाने त्यावर हसण्याची चिन्हं टाकली. इतके महिने हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मी मात्र रोज त्याच्याशी निन्जांच्या गप्पा मारत होते.

मला तडक कॉलेजात जावंसं वाटतंय, पण त्याला न विचारता गेले तर पुन्हा सगळे त्याच्याकडेच बघतील. यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा.

समुपदेशकांची वेळ मिळाली आहे. यायला तयार झालाय. अट एकच घातलीय, मी आत यायचं नाही आणि बाहेरून उठून जायचंही नाही.