उत्तर: इराकी लोकांना लोकशाही नकोच होती?

इराकी जनतेलाच लोकशाही नको होती, म्हणून २००३ मध्ये सद्दाम हुसेनला हटवल्यावर तिथे लोकशाही आणण्याचा अमेरिकेचा प्रयोग फसला, हे मत मला अजिबात पटत नाही. जून २००३ मध्ये इराकमधले सर्वोच्च शिया धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांनी फतवा काढला तो नेमका उलट मागणीचा: राज्यघटना लिहिणारे लोकांनी निवडलेले हवेत, परक्यांनी नेमलेले नकोत. जानेवारी २००४ मध्ये बगदाद आणि बसऱ्यात त्याच मागणीसाठी प्रचंड मोर्चे निघाले. निवडणुकीची घाई नको म्हणणारे होते ते इराकचा कारभार बघणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर!

त्याआधी मे २००३ मध्ये त्यांनी दोन आदेश काढून सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठांना सरकारी नोकरीतून हटवलं आणि सैन्यच बरखास्त केलं. शस्त्रं चालवता येणारी लाखो माणसं एका फटक्यात बेकार. त्यांत सुन्नी बरेच होते; जानेवारी २००५ च्या निवडणुकीवर बहुतेक सुन्नींनी बहिष्कार टाकला, त्यामागे हा रागही होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जपानमध्ये लोकशाही रुजवली, असा दाखला देताना हेही बघा, की तिथे नोकरशाही बव्हंशी जागेवर राहिली. घटनेचा मसुदा तिथला ताबा सांभाळणारा अमेरिकी जनरल मॅकआर्थर याच्या कार्यालयात तयार झाला हे खरंच. पण किमान सुसंस्कृत जीवनमानाचा हक्क देणारी तरतूद जपानी समाजवादी खासदारांनी संसदेत भांडून घालून घेतली. इराकच्या घटना समितीत बहुतेक सुन्नी प्रतिनिधी नंतर, नेमणुकीने आले आणि मसुद्याचे कळीचे निर्णय त्यांना वगळून झाले.