छापखाना बंद होताना कामगारांनी काय करावे?

प्रश्न : आमच्या ऑफसेट छापखान्याने काही महिन्यांत काम थांबवण्याची सूचना लावली आहे. दोन महिन्यांचा पगार आधीच थकला आहे. तो मिळण्याची शक्यता किती, आणि मशिन, प्लेट व बांधणी विभागातील माणसांना दुसरीकडे काम मिळेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : मालक देणी भागवून व्यवसाय आटोपता घेत आहेत की कंपनी दिवाळखोरीत जात आहे, हे आधी लेखी विचारून घ्या, कारण दुसऱ्या स्थितीत पैसे मालकाकडे नव्हे, तर नेमलेल्या अवसायकाकडे (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) मागावे लागतात आणि तो दावा मुदतीत दाखल करावा लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९२ च्या १७३ क्रमांकाच्या करारात किमान तीन महिन्यांच्या थकीत वेतनाला प्राधान्य देण्याची तरतूद आहे, मात्र ती मान्यता देणाऱ्या देशांपुरतीच लागू होते. पगारपत्रके, हजेरी आणि नेमणूकपत्र यांच्या प्रती दार बंद होण्यापूर्वीच हाती असाव्यात.

प्रतिसाद २ : सर्वांना एकच सल्ला देता येणार नाही. वृत्तपत्रे आणि माहितीपत्रकांची छपाई घटली असली, तरी खोकी व वेष्टनांची छपाई टिकून आहे, आणि रोलरवरचे पाणी व शाई यांचा तोल सांभाळणारा, भिंगाखाली चार रंगांच्या खुणा जुळवणारा मशिनमन तिथे उपयोगी पडतो. प्लेट विभागाची स्थिती कठीण आहे. छपाईची प्लेट, म्हणजे मजकूर उमटवलेला धातूचा पत्रा, संगणकावरून थेट निघू लागल्यापासून त्याआधी लागणाऱ्या फिल्मचे काम गेले, त्यामुळे पीडीएफ तपासणे आणि पानांची मांडणी करणे येत असेल, तरच त्या अनुभवाला भाव मिळतो. ‘डिझाइन शिका’ हा सरसकट सल्ला मला उथळ वाटतो.

प्रतिसाद ३ : बांधणी विभागाचा उल्लेख राहून गेला, आणि सर्वाधिक झळ तिथेच बसते, कारण घडी घालणे, पाने जुळवणे ही हातकामे पुष्कळदा रोजंदारीवर चालतात व त्यांची नोंदच नसते. अशांना अनुभवाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याची मागणी सर्वांनी मिळून करावी. शिवाय छापखान्याची यंत्रे बहुधा जुन्या मालाच्या बाजारात विकली जातात. ती उतरवून दुसरीकडे बसवताना त्यांची खोड जाणणारा माणूस खरेदीदाराला हवा असतो, म्हणून यंत्र कोण घेत आहे याची चौकशी मशिनमनने आताच करावी.