‘पीडीएफ काढा आणि छापायला द्या’ म्हणे!

सह्यकडा: परवा या फोरमवर एकाने लिहिलं, ‘क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढा, पेनड्राइव्हवर टाका, छापखान्यात द्या. डिझायनरवर पैसे कशाला घालवता?’ वाचून डोकं फिरलं, कारण मी नेमकं हेच केलं होतं. हरिश्चंद्रगड परिसराचा नकाशा, ए२ आकार, ५०० प्रती. स्क्रीनवर देखणा. छापून आला तर वाड्यांची नावं भुरकट! काळा रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या मिश्रणात गेलेला, तो छपाईत चार शाईंत फुटला. प्लेटा केसभर सरकल्या की सहा पॉइंटाचं अक्षर संपलं. नुसती काळ्याची प्लेट हवी होती. डोंगरांच्या सावलीला मल्टिप्लाय (थरांचे रंग एकमेकांत मिसळणारं ब्लेंडिंग) लावलेलं, म्हणून समान उंचीचे कंटूरसुद्धा रेषा न राहता चित्र होऊन बाहेर पडले. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेरची जादा छपाई, तर सोडलंच नव्हतं.

नकाशेबाज: तो ‘एक’ म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजता काय? हल्ली प्रोजेक्टचं कलर मॉडेल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचं, ठेवता येतं. सावली आधीच रंगवून सगळ्यात खाली ठेवा, ब्लेंडिंग लावू नका. पाच मिनिटांचं काम. प्रूफ न बघता ५०० प्रती छापल्या तुम्ही, आणि शिव्या मला?

सह्यकडा: ते सीएमवायके पीडीएफमध्ये उतरायला क्यूटी ६.८ या लायब्ररीवर बांधलेली क्यूजीआयएसची प्रत लागते. तेही सांगा की लोकांना.

डीटीपीकाका: भांडा खुशाल. पण मजकूर टेक्स्ट म्हणून पाठवू नका रे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की ‘हरिश्चंद्रगड’ची वेलांटी एकीकडे, श्च दुसरीकडे. एक्स्पोर्ट करतानाच अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, करा.

तलाठ्याची_लेक: काका, पाथ केल्यावर गावाचं नाव चुकलेलं दिसलं तर? आमच्या तालुक्याच्या नकाशात ‘पिंपरी’चा अनुस्वार गेला होता. अख्खा नकाशा पुन्हा एक्स्पोर्ट!

नकाशेबाज: ताई, खरं दुखणं वेगळंच आहे. डीटीपीवाल्यांना युनिकोडच्या आधीचे फॉन्ट सुटत नाहीत. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या संकेतातला मजकूर, दिला की कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात काढतात आणि ‘कोऱ्हाळे’चं ‘कोर्हाळे’ करून ठेवतात.

डीटीपीकाका: तीस वर्षं लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं त्याच फॉन्टांत लावलंय, साहेब. तुमच्या युनिकोडचे देखणे फॉन्ट किती आहेत? चार?

नकाशेबाज: मुक्त, बालू, यंत्रमानव, तिरो. फुकट आहेत. बघितलेत कधी?

डीटीपीकाका: बघितलेत. जुन्या कोरलमध्ये जोडाक्षरं फुटतात. नवं घ्यायचे पैसे तुम्ही देणार?

तलाठ्याची_लेक: विषय नकाशाचा होता ना?

पायवाट: मी कधीचा विचारतोय, १:२५,००० लिहिलेला नकाशा छापखान्याने ‘फिट टू पेज’ करून ९७ टक्क्यांवर आणला. आता एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर नाही, जवळपास २५८. कोणी बोलणार का?

डीटीपीकाका: आकडा लिहू नका, प्रमाणपट्टी काढा. पट्टी नकाशाबरोबर आक्रसते. एवढं तरी समजतं आम्हाला, फॉन्ट जुने असले तरी.

नकाशेबाज: हे मात्र बरोबर. काका, या एका वाक्यापुरतं मान्य.

सह्यकडा: ठीक आहे, प्रूफ मागायला हवं होतं, माझी चूक. सुटसुटीत ‘पीडीएफ काढा’ लिहिणं ही तुमची. ३८० नकाशे अजून माळ्यावर पडून आहेत. टपालखर्च द्या आणि न्या. वाड्यांची नावं मात्र मला फोन करून विचारू नका.