कळमन्यातल्या अडतीचं अ‍ॅप लॅपटॉपवरून क्लाउडवर न्यायचं आहे: डेटाबेस कुठे ठेवू, सर्व्हर कोणता घेऊ?

कळमना_कोडर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी अ‍ॅप तयार झालं आहे. समोर रिअ‍ॅक्ट (व्हीटवर बांधलेलं), मागे नोड आणि एक्सप्रेस, डेटाबेस पोस्टग्रेस १६. ओआरएम (एसक्यूएल आपोआप तयार करणारी लायब्ररी) नाही, पीजी लायब्ररीतून थेट एसक्यूएल. गाडीची आवक, लिलावाचा भाव, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची हिशेबपट्टी आणि सोबत काटापावतीचा फोटो, एवढं काम. वापरणारे आठ-दहा जण, बहुतेक मोबाइलवरून.

लॅपटॉपवर सगळं बरोबर चालते. एका होस्टिंगवर चाचणी म्हणून चढवलं तर एकामागून एक अडचणी येऊन राहिल्या. आधी बिल्डमध्ये ‘व्हीट नॉट फाउंड’. ते देव डिपेन्डन्सीजमधून (फक्त डेव्हलपमेंटपुरत्या पॅकेजच्या यादीतून) मुख्य यादीत हलवून सुटलं, तर ‘१२७.०.०.१:५४३२ कनेक्शन रिफ्यूज्ड’. तोही पत्ता बदलला, तर नवीन कोड चढवला की आधीचे पावत्यांचे फोटो गायब. आणि रात्री उतरलेल्या गाड्या अहवालात आदल्या दिवशी दिसतात, हे काऊन होते ते कळून नाही राहिलं.

अंबिया बहराचा माल सुरू व्हायच्या आत हे पक्कं करायचं आहे. डेटाबेस तयार सेवेतला घ्यावा की स्वतःच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) टाकावा? एकेक करून सांगाल तर बरं होईल.

धंतोली_डीबीए

भाऊ, सर्व्हर कोणता हा प्रश्न मागे ठेवा. कोड कधीही, कुठेही पुन्हा चढवता येतो. अडत्याच्या चार महिन्यांच्या पट्ट्या गेल्या तर त्या कुठूनच परत येत नाहीत. म्हणून आधी डेटा कुठे राहणार ते ठरवा, बाकी त्याच्याभोवती बसवा.

माझं मत स्पष्ट आहे: पैशांचा हिशेब असेल आणि रात्री-बेरात्री सर्व्हर बघायला माणूस नसेल, तर डेटाबेस व्यवस्थापित सेवेतलाच घ्या. व्हीपीएसपेक्षा महाग पडतो, पण रोजचा बॅकअप आणि ठरावीक क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय त्यात येते. फुकटच्या योजनेत खरा हिशेब ठेवू नका. काही ठिकाणी तो डेटाबेस ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात, काही ठिकाणी वापर नसला की झोपवतात.

अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरच्या ठिकाणी) हवेत. नागपूरसाठी एडब्ल्यूएस किंवा गूगलचं मुंबई, अझूरचं पुणे, डिजिटलओशनचं बंगळूरु, यातलं कोणतंही चालेल. पण अ‍ॅप अमेरिकेत आणि डेटाबेस मुंबईत असं करू नका. प्रत्येक क्वेरीला जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका पट्टीसाठी एकामागून एक वीस क्वेऱ्या असतील तर पान उघडायला चार सेकंद. नकाशावर अ‍ॅप तुमच्या जवळ असण्यापेक्षा ते डेटाबेसच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण ब्राउझर एकदा विचारतो आणि अ‍ॅप वीसदा.

आता ‘रिफ्यूज्ड’बद्दल. १२७.०.०.१ म्हणजे ज्या मशिनवर नोड चालतो तेच मशिन, आणि होस्टिंगवर त्या डब्यात (कंटेनरमध्ये) पोस्टग्रेस नाही. पत्ता कोडात न लिहिता डेटाबेस यूआरएल नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. पासवर्डात @ किंवा # असेल तर यूआरएल मधेच तुटतो आणि भलताच होस्ट सापडत नाही म्हणून एरर येतो. @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहा (आकडे अर्थातच इंग्रजी). उलट बाजूने एक्सप्रेसही लोकलहोस्टवर नव्हे, ०.०.०.० वर ऐकायला लावा आणि पोर्ट होस्टिंग देईल तोच घ्या. ३००० कोडात पक्का लिहिला असेल तर अ‍ॅप चालू असूनही बाहेरून बंद दिसतं.

‘नो पीजी एचबीए एन्ट्री… नो एन्क्रिप्शन’ असं काही दिसलं तर डेटाबेस एसएसएल (एन्क्रिप्टेड जोडणी) मागतो आहे. इंटरनेटवर सर्रास सल्ला मिळतो की ‘रिजेक्ट अनऑथराइज्ड’ फॉल्स करा. त्याने जोडणी होते, पण समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे तपासणंच बंद पडतं. सेवेच्या पानावरून सर्व्हरची ओळख पटवणारं सीए सर्टिफिकेट उतरवून घ्या आणि ते द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

५४३२ पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. फक्त अ‍ॅपच्या सर्व्हरला परवानगी द्या. घरून डेटाबेस बघायचा असेल तर एसएसएच टनेल (सर्व्हरमार्गे सुरक्षित जोडणी) वापरा. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, म्हणून कंटाळून लोक पोर्ट सगळ्यांना उघडतात आणि मग दिवसभर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावले जातात.

मिहान_बॅकएंड

‘व्हीट नॉट फाउंड’ पुन्हा येऊ नये म्हणून कारण लक्षात घ्या: नोड एन्व्ह प्रॉडक्शन असेल तर एनपीएम देव डिपेन्डन्सीज घालतच नाही. बिल्डची साधनं मुख्य यादीत हलवण्यापेक्षा बिल्डच्या पायरीत ‘इन्क्लूड देव’ देऊन एनपीएम सीआय चालवा, बिल्ड झाल्यावर ती छाटा. पॅकेज लॉक फाइल गिटमध्ये हवीच, तिच्याशिवाय एनपीएम सीआय चालत नाही. विंडोजवर काम करत असाल तर आणखी एक: फाइलचं नाव लहान ‘एच’ने आणि इम्पोर्ट मोठ्या ‘एच’ने असेल तर विंडोज चालवून घेतो, लिनक्स नाही.

व्हीटची व्हेरिएबल्स बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये छापली जातात. म्हणून होस्टिंगवर नंतर बदलून काही होत नाही, पुन्हा बिल्ड करावा लागतो. आणि व्हीट या उपसर्गाने जे जातं ते ब्राउझर उघडणाऱ्या कोणालाही वाचता येतं. डेटाबेसचा पासवर्ड चुकूनही तिथे नको.

फोटो गायब होतात कारण अशा होस्टिंगची डिस्क तात्पुरती असते. प्रत्येक डिप्लॉयला नवा डबा, जुना फेकला. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली ठेवायच्या वेगळ्या क्लाउड सेवेत) ठेवा आणि डेटाबेसात फक्त त्याची की. बकेट (त्या सेवेतला तुमचा कप्पा) खासगी ठेवा, काही मिनिटांपुरती सही केलेली लिंक काढून दाखवा. काटापावतीवर शेतकऱ्याचं नाव-गाव असतं. एक्सप्रेस सेशन मेमरीत ठेवत असाल तर तेही याच कारणाने दर डिप्लॉयला उडेल आणि सगळे जण लॉगआउट होतील. सेशन पोस्टग्रेसच्या टेबलात ठेवा, त्यासाठी तयार पॅकेज आहे.

रिअ‍ॅक्ट एका डोमेनवर आणि एपीआय दुसऱ्यावर ठेवायचा मोह टाळा. कॉर्स (दुसऱ्या डोमेनला विचारण्यावरची ब्राउझरची बंधनं), सेमसाइट नन, सिक्युअर कुकी हे सगळं जुळवलं तरी आयफोनवर सफारी परकी कुकी अडवतो. एकाच डोमेनवर दोन्ही ठेवा, एपीआय फक्त वेगळ्या पाथवर. कॉर्सचा प्रश्नच उरत नाही. प्रॉक्सीच्या मागे एक्सप्रेसला ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ १ सांगायला विसरू नका, नाहीतर सिक्युअर कुकी बसत नाही आणि लॉगिन होऊनही माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर येतो.

कळमना_कोडर

मनापासून आभार दोघांचे. डेटाबेस व्यवस्थापितच घेतो, मुंबईत. अ‍ॅपसाठी मात्र अडत्याच्या नावावर १ जीबीचा व्हीपीएस आधीच घेतलेला आहे, तोही मुंबईतलाच. त्यावर एनजिनएक्स (नोडच्या पुढे उभा राहणारा वेब सर्व्हर) लावायचं तर काय काय बघू? आणि तारखेचं कोडं अजून बाकी आहे.

वर्धारोड_सिसअ‍ॅडमिन

१ जीबी पुरेल, पण त्यावर व्हीट बिल्ड चालवला तर मधेच नुसतं ‘किल्ड’ दिसून थांबण्याची शक्यता दाट. मेमरी संपली की कर्नल प्रोसेस मारतो. बिल्ड लॅपटॉपवर किंवा गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये करून डिस्ट फोल्डर पाठवा. तरीही २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा आणि एफएसटॅबमध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर ती राहत नाही.

नोड सिस्टिमडीच्या सर्व्हिसखाली चालवा, रूट नसलेल्या वेगळ्या यूजरने, रीस्टार्ट ऑलवेज. त्याऐवजी पीएम२ (नोड चालू ठेवणारं साधन) वापरलात तर स्टार्टअप आणि सेव्ह दोन्ही कमांड द्या. फक्त पहिली दिली तर रीबूटनंतर यादी रिकामी. इथे एनजिनएक्स त्याच मशिनवर आहे, म्हणून नोड १२७.०.०.१ वरच ऐकू द्या. वर सांगितलेलं ०.०.०.० हे डब्यातल्या होस्टिंगसाठी, व्हीपीएसवर त्याने नोड विनाकारण बाहेर उघडा पडतो. फायरवॉलमध्ये ८०, ४४३ आणि २२ एवढंच. एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त की.

एनजिनएक्समध्ये तीन जागा सहसा अडतात. पहिली, ट्राय फाइल्सच्या शेवटी इंडेक्स एचटीएमएल नसेल तर पट्टीच्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४. दुसरी, फोटोची मर्यादा मुळात १ एमबी असते. मोबाइलचा फोटो ३-४ एमबीचा, म्हणून ४१३ येतो. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ १० एमबी करा, आणि जमलं तर ब्राउझरमध्येच फोटो लहान करून पाठवा, मार्केटमध्ये गर्दीच्या वेळी नेट मंदच असतं. तिसरी जरा लपलेली आहे. नवा बिल्ड चढवल्यावर काही मोबाइलवर पांढरं पान येतं आणि कन्सोलमध्ये ‘माइम टाइप टेक्स्ट एचटीएमएल’ असं काही दिसतं. ब्राउझरने जुना इंडेक्स जपून ठेवलेला असतो, तो जुन्या हॅशची जावास्क्रिप्ट मागतो, ती फाइल आता नाही, मग तोच ट्राय फाइल्स तिच्या जागी एचटीएमएल देतो. इंडेक्सला ‘नो कॅश’, अ‍ॅसेट्स फोल्डरला एक वर्ष, आणि अ‍ॅसेट्समध्ये फाइल नसेल तर सरळ ४०४. मागच्या एक-दोन बिल्डच्या अ‍ॅसेट्स लगेच पुसू नका, म्हणजे उघडी असलेली पानंही तुटणार नाहीत.

५०२ दिसला तर नोड बंद आहे किंवा पोर्ट चुकलं आहे. ५०४ दिसला तर नोड जिवंत आहे पण उत्तर यायला वेळ लागतो आहे, बहुधा क्वेरी अडकली आहे. लॉग वाचायच्या आधी एवढा फरक केला तरी निम्मा शोध वाचतो.

एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटसाठी आधी डोमेनचा ए रेकॉर्ड (नावाला आयपी पत्ता जोडणारी नोंद) व्हीपीएसकडे वळवा, तो पोहोचल्याची खात्री करा, मगच सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट आणून देणारं साधन). लेट्स एन्क्रिप्टमध्ये एका नावावर तासाभरात पाचदा पडताळणी फसली की थांबावं लागतं, म्हणून पहिला प्रयत्न ‘ड्राय रन’ने. सर्टिफिकेट ९० दिवसांचं आहे आणि नूतनीकरणाला ८० पोर्ट लागतं. ‘आता एचटीटीपीएस आहे’ म्हणून ते बंद केलं तर तीन महिन्यांनी साइट लाल.

धंतोली_डीबीए

तारखेचं कोडं असं. तुमच्या लॅपटॉपची घड्याळपट्टी (टाइम झोन) भारताची, क्लाउडवरच्या पोस्टग्रेसची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपण साडेपाच तास पुढे. १४ नोव्हेंबरला पहाटे ३:१० ला उतरलेली गाडी यूटीसीत १३ नोव्हेंबर २१:४० ला उतरते. क्वेरीत करंट डेट किंवा सरळ ‘::डेट’ वापरलं असेल तर ती १३ तारखेच्या आवकेत धरली जाते. रात्री १२ ते पहाटे साडेपाच एवढ्याच गाड्या चुकतात, बाकी दिवस बरोबर दिसतो. म्हणून दुपारी केलेल्या चाचणीत हे सापडत नाही.

वेळेचा कॉलम ‘टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन’ असेल तर तो ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ करा, आणि हे लॅपटॉपवरच, डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) काढायच्या आधी. ऑल्टर टेबल करताना ‘युजिंग’मध्ये त्या कॉलमपुढे ‘अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता’ लिहा. ते न लिहिता यूटीसीच्या सर्व्हरवर कॉलम बदललात तर जुन्या सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकतील. बदलाआधी वेळ ठाऊक असलेली एक पावती बाजूला काढा आणि नंतर ती ताडून बघा. अहवालात दिवस काढताना नेहमी ‘(वेळ अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता)::डेट’. डेटाबेसची घड्याळपट्टी बदलूनही काम भागतं, पण नवा डेटाबेस घेतला की ती सेटिंग विसरते. क्वेरीत लिहिलेलं सोबत जातं.

शेतकऱ्यांची यादी नावाने लावत असाल तर कोलेशन (अक्षरांचा क्रम) ‘एमआर-एक्स-आयसीयू’ द्या. नुसत्या ‘सी’ कोलेशनमध्ये ळ हे ल च्या पाठोपाठ येतं आणि क्ष, ज्ञ हे क, ज मध्ये मिसळतात. नाव शोधणारा मुनीम आपल्या वर्णमालेच्या क्रमाने बघतो.

डेटा हलवताना पीजी डंप कस्टम फॉरमॅटमध्ये काढा आणि पीजी रिस्टोर ‘नो ओनर’सह चालवा, कारण तुमच्या लॅपटॉपवरचा यूजर तिकडे नसतो. पीजी डंपची आवृत्ती सर्व्हरपेक्षा जुनी चालत नाही. व्हीपीएसवर उबुंटू २२.०४ असेल तर त्याच्यासोबत १४ येतो आणि तो तुमच्या १६ ला ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून नाकारेल. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून १६ चा क्लायंट घ्या.

सेवेचा बॅकअप असला तरी स्वतःचा एक डंप रोज दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजमध्ये जाऊ द्या. खातंच बंद झालं तर आतला बॅकअपही त्याच्यासोबत जातो. क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) यूटीसीने चालतो: आपल्याकडे रात्री २ हवे असतील तर २०:३० लिहा. डंप जीझिपमध्ये पाइप करत असाल तर स्क्रिप्टच्या वर ‘सेट -ओ पाइपफेल’ हवंच. ते नसेल तर पीजी डंप फसला तरी जीझिप यशस्वी होतो, फाइल तयार होते, तारीख ताजी दिसते आणि आत काहीच नसतं. अशा फाइलचा आकार २० बाइट असतो. म्हणून आकार तपासून ठरावीक मर्यादेखाली गेला तर मेल पाठवा, आणि महिन्यातून एकदा डंप रिकाम्या डेटाबेसात उतरवून पट्ट्यांची संख्या आणि रकमेची बेरीज चालू डेटाबेसशी जुळवा. ३१ मार्चचा डंप वेगळा काढून ठेवा, तो फिरत्या पुसापुशीत जाऊ देऊ नका.

मिहान_बॅकएंड

एक भर. मार्केटमध्ये नेट जाऊन-येऊन असतं. सेव्ह दाबलं, सर्व्हरवर नोंद झाली, पण उत्तर यायच्या आत नेट गेलं. माणूस पुन्हा दाबणार आणि एकाच गाडीच्या दोन पट्ट्या होणार. लॅपटॉपवर हे दिसणारच नाही. फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) तयार करा, तो नोंदीसोबत पाठवा, त्या कॉलमवर युनिक बंधन घाला आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’. त्याने दुसऱ्यांदा काही परत येत नाही, तर रिटर्निंग रिकामं आलं की तीच यूयूआयडी सिलेक्ट करून आधीची पट्टी परत द्या. बटण नुसतं निष्क्रिय करून भागत नाही, पान रिफ्रेश केलं की ते पुन्हा चालू होतं. म्हणून यूयूआयडी लोकल स्टोरेजमध्ये ठेवा आणि सर्व्हरने होकार दिल्यावरच पुसा.